ठशातला जेवणारा माणूस

आमचे गाव खालापूर तालुक्यात, चौकच्या हमरस्त्यापासून थोडे आत, इर्शाळगडाच्या बाजूस आहे. माझी नोकरी कर्जतच्या एका शाळेत संस्कृत शिकवण्याची होती. गावात मात्र माझी ओळख मास्तर म्हणून नव्हती. माणसे माझ्याकडे तिथी विचारायला येत आणि पडलेल्या स्वप्नाचे फळ विचारायला येत. स्वप्नाचे फळ सांगणे हे आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेले काम. त्याबद्दल कोणी काही द्यावे अशी अपेक्षा नसे. सकाळी स्नानसंध्या आटोपून मी पडवीत बसलो की कोणीतरी पायरीशी येऊन उभे राही.

"गुरुजी, काल सपनात आमची म्हस उडाली."

"कोणत्या दिशेला?"

"सासुरवाडीकडं."

"सासुरवाडी दक्षिणेला आहे का?"

"नाय, कशेळ्याला."

"मग काळजी नको. म्हैस सांभाळा, सासुरवाडी आपली आपण सांभाळेल."

असे हसत-खेळत चाले. मात्र शास्त्राचे म्हणणे मी सर्वांना गांभीर्याने सांगत असे. चांगले स्वप्न पडले तर पुन्हा झोपू नये आणि ते कोणाला सांगू नये. वाईट पडले तर सूर्य उगवण्यापूर्वी गाईच्या कानात सांगावे, गाय नसेल तर वाहत्या पाण्याला सांगावे. सांगितले की त्याचे बळ जाते. गावातल्या कितीतरी बायाबापड्यांनी आमच्या गोठ्यात येऊन आमच्या गाईच्या कानात आपली भीती ओतली आहे. गाय बिचारी कान हलवीत उभी राही. सगळ्या गावाची दुःस्वप्ने तिच्या पोटात होती. माझे मात्र नव्हते. मला वर्षातून एकदा एक स्वप्न पडे आणि ते मी गाईलाही सांगितले नव्हते.

ते का, हे कळण्यासाठी आधी कळंबचा दिवस सांगायला हवा.

मी विशीत होतो. घाटावरच्या पाठशाळेतले अध्ययन पुरे करून नुकताच घरी आलो होतो. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची ती अखेर. भाद्रपदातला पितृपक्ष चालू होता. कळंबला एका सधन ब्राह्मण गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांचे श्राद्ध असे आणि पितृस्थानी जेवायला माझे वडील जात. त्या वर्षी वडिलांना ताप होता. ताप साधा वाटत होता. ते अंथरुणावर बसून म्हणाले, "माझ्याऐवजी तू जा. आयत्या वेळी नाही म्हटले तर त्यांचे पितर उपाशी परततील. आणि पानावर बसलास की मध्येच उठू नकोस. श्राद्धाच्या पानावरून ब्राह्मण उठला तर सगळे श्राद्ध वाया जाते."

हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती, मी ते शिकूनच आलो होतो. पण ते त्यांचे मला सांगितलेले शेवटचे वाक्य ठरले, म्हणून ते लक्षात आहे.

पितृस्थानी बसणे म्हणजे काय, हे थोडे सांगतो. त्या ब्राह्मणाच्या ठिकाणी यजमान आपल्या मृत पित्याला पाहतो. त्याचे पाय धुतो, त्याला गंध लावतो, त्याला वाढतो. जेवणाऱ्याने बोलायचे नसते, पदार्थाची स्तुती करायची नसते. काही हवे असेल तर हाताने खूण करायची. मी विशीतला मुलगा त्या दिवशी कळंबच्या त्या साठीतल्या गृहस्थांचा पिता होऊन बसलो होतो. त्यांनी वाकून माझे पाय धुतले तेव्हा मला अवघडल्यासारखे झाले आणि, खरे सांगायचे तर, थोडा मोठेपणाही वाटला.

स्वयंपाक उत्तम होता. वडे, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि तांदळाची खीर. पाठशाळेत वर्षानुवर्षे पातळ आमटी आणि भाकरी खाल्लेला मी. ती खीर मला फार आवडली. मी हाताने खूण केली, त्यांनी वाढली. पुन्हा खूण केली.

त्याच सुमारास ओटीवर कोणीतरी आल्याची चाहूल लागली. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. यजमान बाहेर जाऊन आले. त्यांचा चेहरा थोडा बदलला होता, पण मी पानाकडे पाहत होतो. बाहेरून एक ओळखीचा आवाज घाईघाईने काही बोलला आणि यजमानांनी त्याला हळू आवाजात गप्प केले. मग ते माझ्यासमोर येऊन हात जोडून म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

वाढणाऱ्या बाईंचे डोळे ओले होते. मला वाटले, चुलीचा धूर असेल. त्यांनी न मागता पुन्हा खीर वाढली आणि मी खाल्ली.

भोजन संपल्यावर यजमानाने विचारायचे असते, तृप्त झालात का? आणि पितरांच्या वतीने ब्राह्मणाने उत्तर द्यायचे असते. मी स्वच्छ स्वरात म्हणालो, "तृप्ताः स्मः." आम्ही तृप्त झालो.

हात धुऊन ओटीवर आलो, तर आमच्या शेजारचे शेतकरी दादा खांबाला टेकून बसले होते. गावात सगळे त्यांना दादाच म्हणत. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, भातशेती करणारे. त्यांच्यासमोर चहा तसाच गार झाला होता. मला पाहताच ते उठले.

"चल रं लवकर. तुजा बा लई शिरेस हाय. सारका तुला इचारतोय."

"कधी आलात तुम्ही?"

ते यजमानांकडे पाहून म्हणाले, "मगाच आलो. पन तू पानावर हायस म्हनले."

यजमान खाली मान घालून उभे होते. त्यांनी मला सांगितले नाही, याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही. त्यांच्या वडिलांचे श्राद्ध होते. मी उठलो असतो तर त्यांचे वडील उपाशी गेले असते. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केले असते; पुढे आयुष्यात दोनदा मला असाच प्रश्न विचारला गेला आणि दोन्ही वेळा मी शास्त्राला धरून तेच उत्तर दिले, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन जेवलो नाही.

दादांच्या सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून मी निघालो. श्राद्धान्न घेतलेल्याने त्या दिवशी प्रवास करू नये, असा नियम आहे. तो मी मोडला. नेरळपासून पुढे एका मालमोटारीने आम्हाला सायकलसकट कर्जतपर्यंत घेतले, तिथून पुन्हा सायकल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात निसवला होता. मी स्तोत्र म्हणण्याचा प्रयत्न करीत होतो आणि मला ढेकर येत होते. प्रत्येक ढेकराबरोबर तोंडात वेलदोड्याचा वास येत होता.

आम्ही पोचलो तेव्हा वडील गेलेले होते. त्यांच्या तोंडात गंगाजल शेजाऱ्यांनी घातले होते. दारात आत्या बसली होती. ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले आणि सवयीने, जशी रोज विचारत असे तसे, विचारले, "जेवलास का रे?"

मी म्हणालो, "हो."

मुलाने उपाशीपोटी अग्नी द्यायचा असतो. मी भरल्या पोटी दिला. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. पण मंत्र म्हणण्यासाठी मी तोंड उघडले तेव्हा जवळ उभ्या असलेल्या माणसांना त्या खिरीचा वास येत असणार, असे मला वाटत राहिले. आजही वाटते.

वडिलांची तिथी तीच झाली, जी कळंबच्या त्या गृहस्थांच्या वडिलांची होती. दर वर्षी त्या तिथीच्या पहाटे मला स्वप्न पडू लागले. मी पानावर बसलेलो असतो. खीर वाढलेली असते. दारात वडील येऊन उभे राहतात. ते आत येत नाहीत, बोलत नाहीत. मला उठायचे असते, पण पानावरून उठू नये असे त्यांनीच सांगितलेले असते. म्हणून मी मान खाली घालून खात राहतो. उंबऱ्याशी त्यांचे पाय तेवढे दिसतात, धुळीने भरलेले. मी भराभर खातो, म्हणजे लवकर संपेल आणि उठता येईल. पण खीर संपत नाही.

हे दुःस्वप्न होते यात शंका नाही. मी ते गाईला सांगितले नाही, कारण लाज वाटत होती. मनुष्याला गाईसमोरही लाज वाटू शकते. लोकांना मी निःशंकपणे "सांगा, मोकळे व्हा" म्हणत असे आणि स्वतः त्याच गोठ्यात शेण काढून मुकाट बाहेर येत असे.

अशी वीस-बावीस वर्षे गेली. माझे लग्न झाले, मुलगी झाली. तिला लहानपणापासून कोरीवकामाचा नाद. एकदा शाळेच्या सहलीबरोबर मी तिला कोंडाण्याच्या लेण्यांत घेऊन गेलो होतो. तिथे दगडात लाकडी घराची तुळई आणि कमानी कोरलेल्या आहेत. सगळी मुले धबधब्याखाली पळाली, ही मात्र त्या दगडाच्या तुळईवरून हात फिरवीत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे लाकूड आहे असं त्या माणसाला स्वप्न पडलं होतं का?" पुढे ती मुंबईला चित्रकला शिकायला गेली आणि तिने लाकडी ठशांची चित्रे हा विषय घेतला. पाटीवर कोरायचे, शाई लावायची, वर कागद ठेवून घासायचे. मला त्यातले काही कळत नव्हते. पण पाटी, कोरणे आणि शाई, या तिन्ही गोष्टी आमच्या पोथ्यांच्या जगातल्याच, त्यामुळे परकेपणा वाटला नाही.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी, वडिलांच्या तिथीच्या आदल्या दिवशी, ती आईला मदत करायला म्हणून घरी आली. बरोबर एक मोठी सपाट पेटी होती. तिच्या सरांनी परदेशातून आणलेली चिनी ठशांची चित्रे तिने चार दिवसांसाठी मागून आणली होती. ती जुनी नव्हती. त्या वेळच्या, हयात असलेल्या चिनी चित्रकारांनी केलेली होती, आणि प्रत्येकाने आपल्याला पडलेले स्वप्न कोरले होते.

"मला परीक्षेसाठी असंच एक करायचंय, बाबा," ती म्हणाली. "खरं स्वप्न हवं. बनवलेलं नको. मला पडतात ती सगळी परीक्षेचीच पडतात. तुम्ही एखादं द्या ना."

"लोकांची स्वप्ने देता येणार नाहीत. ती त्यांनी माझ्यावर विश्वासून सांगितली आहेत."

"लोकांची नको. तुमचं."

"मला स्वप्ने पडत नाहीत."

हे मी इतक्या सहजपणे म्हणालो की ती हसली. "सगळ्या गावाची स्वप्नं सोडवणाऱ्याला एकही नाही? म्हणजे दातांच्या डॉक्टरला दातच नाहीत, तसं झालं."

तिने पडवीत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ती चित्रे एकेक करून लावली. पांढऱ्या पातळ कागदावर काळी शाई. काही चित्रांत कुठेकुठे निळ्या रंगाचा ओलसर हात फिरवलेला. पाचदहा मिनिटांत शेजारपाजारची माणसे पायरीवर जमली.

एका चित्रात कौलांवरून मासे पोहत होते आणि खाली एक बाई शांत झोपली होती.

"अगं बाय! मासं कौलांवर कसं गेलं?" एकीने विचारले.

"आपल्याकडं गेल्ते की, पुरात."

"तवा मासं नव्हतं, तुजी चूल गेल्ती वाहून."

दुसऱ्या चित्रात एक मनुष्य बर्फातून चालला होता आणि त्याने पाठीवर आपल्या घराचे दार घेतले होते. तिसऱ्यात सायकलींची रांग आकाशात, आणि चालवणारा कोणी नाही.

माझी पत्नी कोयत्याने भोपळा फोडता फोडता म्हणाली, "चिन्यांना स्वप्नंसुद्धा काळी-पांढरी पडतात होय?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. गुरुजी, ह्याचं फळ काय? त्याचं काय? मला गंमत वाटली. मासे शुभ, झोपलेल्या बाईच्या घरी धान्य येईल, असे मी सांगितले. दार पाठीवर घेणे म्हणजे स्थानत्याग, पण दार शाबूत आहे, तेव्हा परत घर मिळेल. मग रंगांविषयी सांगितले. स्वप्नात जे पांढरे ते सगळे शुभ. त्यातून कापूस, भस्म, हाडे आणि ताक वगळायचे. जे काळे ते सगळे अशुभ. त्यातून गाय, हत्ती, ब्राह्मण आणि देव वगळायचे.

"म्हंजे ह्या चिन्यांची समदी सपनं निम्मी शुभ, निम्मी अशुभ," दादा म्हणाले. तेही येऊन बसले होते. केस पिकले होते, पण खांबाला टेकून बसण्याची तऱ्हा तीच. सगळे हसले, मीही हसलो.

मुलीने शेवटचे चित्र लावले.

एक खोली. मध्ये मेज. मेजावर ताट आणि लावलेल्या उदबत्त्या; मुलीने सांगितले, ते पितरांसाठी मांडलेले ताट आहे. आमच्यासारखेच तेही पितरांना जेवू घालतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या ताटाशी एक माणूस बसून खात होता. तोंडाशी वाडगा, डाव्या हातात जेवायच्या काड्या. त्याच्या मागे दार उघडे होते आणि दारात त्याचे वाडवडील रांगेने उभे होते. त्यांचे हात बाह्यांत होते. ते रागावलेले दिसत नव्हते. नुसते वाट पाहत होते. आणि जेवणारा वळून पाहत नव्हता.

मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. समोर दोरीला माझेच अंतःकरण चिमट्यांनी टांगले होते, आणि माझी बायको, मुलगी, सगळे शेजारी ते पाहत होते. कुठल्या तरी अनोळखी मनुष्याने, ज्याची भाषा मला येत नाही आणि ज्याचे देव मला माहीत नाहीत, ते कोरले होते. ते त्याने मुळीच लपवले नव्हते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, चितेसमोर उभा राहिलो तेव्हाही नाही. तेव्हा निदान अंगावर धूर होता.

"गुरुजी, ह्याचं काय फळ?"

मी पालथ्या हाताने तोंड पुसले.

"सांगा की. लई मोटं फळ दिसतंय."

"डाव्या हातानं खातोय मेला," कोणीतरी म्हणाले.

"तो डावा नाही," मुलगी सांगू लागली. "ठशात सगळं उलटं उमटतं. त्यानं उजवाच कोरला असेल. बाबा? बाबा, काय झालं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात दादा खांबापासून पुढे सरकले आणि मोठ्याने म्हणाले, "अरं, फळ काय इचारताय? जेवतोय तो मानूस. सावकाश होऊ द्या त्याचं."

लोक हसले आणि उठले. घरी जायची वेळ झालीच होती. दादा हसले नाहीत. जाताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला आणि पायरी उतरले. कळंबच्या ओटीवर बसून त्यांनी ते शब्द ऐकले होते, आणि इतकी वर्षे तेही ते घेऊन फिरत होते. त्यांनी मला लोकांच्या नजरेतून सोडवले. पण माझ्या मुलीच्या नजरेतून सोडवणे त्यांच्या हाती नव्हते. तिने ते चित्र दोरीवरून काढले, पातळ कागदात गुंडाळले आणि पेटीत ठेवले. त्या संध्याकाळी तिने मला काही विचारले नाही. तिचे ते न विचारणे फार जड झाले. मी तिच्याशी खोटे बोललो होतो, हे तिला कळले होते, आणि खोटे का बोललो हे कळले नव्हते. आपला बाप कसला माणूस आहे, याचा ती विचार करीत असेल, असे मला वाटत होते.

पहाटे स्वप्न पडले. नेहमीचेच. खीर, उंबरा, पाय.

मी उठून गोठ्यात गेलो. फटफटत होते. मुलगी आधीच तिथे होती. आईला श्राद्धासाठी दूध हवे म्हणून ती धार काढायला बसली होती. गाईच्या त्या अंगाला ती, या अंगाला मी. मला तिचे डोके दिसत नव्हते, फक्त चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. सूर्य उगवायला वेळ होता.

मी म्हणालो, "मला गाईशी थोडे बोलायचे आहे. तू ऐकू नकोस."

थोडा वेळ धार थांबली. मग पुन्हा सुरू झाली. "मी कुठं ऐकतेय? मी दूध काढतेय."

मी गाईचा कान हातात धरला. गाईने मान झटकली. मग मी सांगू लागलो आणि स्वप्नापाशी थांबलो नाही. कळंब, खीर, हाताची खूण, तृप्ताः स्मः, सायकल, ढेकर, आत्याचा प्रश्न, सगळे त्या कानात घातले. आयुष्यात इतके वाईट वाक्यविन्यास मी कधी केले नसतील. मध्येच धारेचा आवाज बंद झाला होता, हे मला मागाहून जाणवले. चरवी भरली होती, तरी ती उठली नव्हती.

शेवटी ती पलीकडून म्हणाली, "गाय विचारतेय, आजोबांचा चेहरा कसा दिसतो स्वप्नात?"

मी विचार केला. वडिलांचे छायाचित्र आमच्याकडे नाही. कोणी काढलेच नव्हते. आणि स्वप्नात... "दिसत नाही," मी म्हणालो. "मी कधी वर पाहिलेच नाही."

हे मला तोवर स्वतःलाही ठाऊक नव्हते. उठायला मनाई होती. वर पाहायला कोणी मनाई केली होती?

ती चरवी घेऊन या अंगाला आली. तिचे नाक लाल झाले होते. तिने एवढेच विचारले, "हे मला कोरायला द्याल?"

नाही म्हणण्याचा मला अधिकार उरला नव्हता. मी म्हणालो, "गाईला विचार." आणि श्राद्धाच्या तयारीला गेलो.

दिवाळीत ती आली तेव्हा तिने शिवणीच्या झाडाच्या लाकडी फळीवरचा तो ठसा आणि त्याचे एक चित्र आणले होते. केळीचे पान, पानासमोर उघड्या अंगाचा मुलगा, मान खाली. उंबरा. उंबऱ्यापलीकडे दोन पाय, घोट्यापर्यंत. घोट्यांच्या वर काही नव्हते. तिथे तिने फळी कोरलीच नव्हती. जे कोरत नाहीत ते काळे उमटते. चित्राचा वरचा सगळा भाग नुसता काळा होता आणि त्या काळ्यात शिवणीच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या.

मी बराच वेळ पाहिले. मग म्हणालो, "हात डावा झाला आहे."

"हो, मी मुद्दामच तसा ठेवला. त्या चिनी चित्रातही तसाच होता."

"आणि जानवे?"

तिने चमकून पाहिले. "त्याचं काय?"

जेवणाऱ्या ब्राह्मणाचे जानवे डाव्या खांद्यावर असते. तिने तसेच, नीट मला आठवून, डाव्या खांद्यावर कोरले होते. छापताना सगळे उलटले आणि ते उजव्या खांद्यावर आले होते. त्याला अपसव्य म्हणतात. देवांच्या कामात जानवे कधी तसे नसते. मुलगा बापाला पाणी देतो, पिंड देतो, तेव्हाच ते तसे करतो.

मी तिला हे सांगितले. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे चुकलंच. मला माहीत नव्हतं हो बाबा. आता फळीवर ते दुरुस्त नाही करता येणार. एकदा काढलेलं लाकूड परत नाही बसत."

"राहू दे," मी म्हणालो.

"पण जेवणारा असा नसतो ना?"

"नसतो."

एकाच उलट्या ठशाने त्या मुलाच्या डाव्या हाती घास दिला होता आणि उजव्या खांद्यावर जानवे दिले होते. तो एकाच वेळी खात होता आणि देत होता. कोणत्याही ग्रंथात अशा अवस्थेला विधी सांगितलेला नाही. मी तिला "राहू दे" म्हणालो ते उदारपणाने नव्हे. मला ती चूक हवीशी वाटली म्हणून. आपल्यावर कोणी दया केली आणि ती आपण पटकन घेतली, की नंतर जशी मान खाली जाते, तशी माझी गेली.

ती परीक्षेत उत्तीर्ण झाली. चित्राविषयी मुंबईत कोण काय बोलले, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एक प्रत तिने आमच्यासाठी ठेवली. पत्नीने ती देवघराशेजारच्या भिंतीवर लावली. दादा आले की त्या चित्रासमोर उभे राहत. एकदा म्हणाले, "पाय बराबर हायेत." तेवढेच.

पुढच्या वर्षी तिथीच्या पहाटे मला जाग आली ती उजाडल्यावर. स्वप्न पडले नव्हते. शास्त्राने सांगितले तसेच झाले होते: सांगितलेल्या स्वप्नाचे बळ गेले होते. लोकांना हे मी किती वेळा, किती खात्रीने सांगितले होते, आणि त्यांच्या बाबतीत मला त्याचा आनंदच झाला होता.

मी गोठ्यात गेलो. सवयीने गाईने कान माझ्याकडे केला. सांगण्यासारखे काही नव्हते. दर वर्षी एकदा वडील दारापर्यंत येत होते. मी त्यांना आत बोलावले नाही, मान वर करून पाहिले नाही, आणि शेवटी माझी लाज जावी म्हणून त्यांचे येणे बंद करून टाकले. लाज मात्र गेली नाही. ती आता आणखी कशाची तरी झाली आहे.

त्या दुपारी श्राद्ध केले. चौकहून आलेले तरुण ब्राह्मण पितृस्थानी बसले. मी त्यांचे पाय धुतले. त्यांना खीर आवडलेली दिसली. त्यांनी संकोचत हाताने खूण केली आणि वाढायला मी स्वतः गेलो. ते मान खाली घालून जेवत होते. मी अपसव्य करून पानासमोर उभा होतो, म्हणजे त्यांना दिसत असतील तर माझे पायच दिसत असतील.

मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या."